अन्नवस्त्र आणि चाकरी

वाटणीचे कागद जमविणारांस ‘अन्नवस्त्र’ हा शब्द परिचयाचा आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत उन्मत्त, जड, मुका, जन्मांध इत्यादिकांस दायांत अंश नाहीं. मात्र त्यांस आमरण अन्नाच्छादन द्यावें, न देणारा पतित होय, असें सांगितलें आहे. भ्रमिष्टानें जगावें, पण त्याच्या हातीं कांहीं नसावें, असा याचा अर्थ आम्ही लावतों. 1928 च्या कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानांत इतर व्यंगांची आडकाठी निघाली. जन्मजात वेडाची राहिली, ती 1956 त गेली.

हिंगोलीचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. वेड्यांविषयींचा 1912 चा इंग्रजी कायदा त्यास लागू नव्हता. याच जिल्ह्यांतील नरसी हें नामदेवांचें जन्मग्राम मानतात. शिंप्याचा धंदा टाकून हा विठ्ठलाच्या नादीं लागला, ही घरच्यांची तक्रार गाथेंत आहे. तें वेड लोकांनीं शिरीं धरलें. सामान्य वेड्यास तो मान कोठून?

वैद्यांची दृष्टि निराळी असावी असें वाटतें. वेड्यांच्या इस्पितळांतून रुग्णांस बागेंत व मागावर लावीत. त्यांत उपचारही होता व खर्चाची बचतही. रांचीच्या गोऱ्यांच्या इस्पितळांत बर्कले-हिल या अधीक्षकानें 1919 नंतर अशा कामास उपचारांत रीतसर स्थान दिलें. पण काम औषध ठरलें, चाकरी ठरली नाहीं. भिंतीआड उत्तम विणणारा बाहेर पोटापुरतें मिळवील, ही खात्री देण्यास वैद्य क्वचितच पुढें येई.

1995 च्या कायद्यानें मनोविकारास अपंगत्व म्हटलें. सरकारी नोकऱ्यांतील राखीव 3 टक्के जागा मात्र अंध, बधिर व अस्थिव्यंग यांच्याच वांट्यास गेल्या. 2016 च्या कायद्यानें 4 टक्क्यांतील 1 टक्का मनोरुग्णांसह इतर कांहीं वर्गांस मिळून दिला. त्यासाठीं निदान 40 टक्के अपंगत्वाचें वैद्यकीय प्रमाणपत्र लागतें. मनोविकार मोजण्याच्या पट्टींत चार बाबी आहेत: स्वतःची निगा, परस्परसंबंध, संभाषण व आकलन, आणि काम. प्रत्येकीस 0 ते 4 गुण. आजाराच्या कालावधीचे निराळे. गुण जितके अधिक, तितकी अक्षमता मोठी. म्हणजे हिंगोलीच्या अर्जदारानें राखीव जागा मागावी, तर आपण कामांत किती उणे आहों हें आधीं वैद्याकडून लिहवून घ्यावें, आणि तोच कागद घेऊन काम मागावयास जावें! मनूच्या टीकाकारांसही हा पेंच सुचला नसता. हे तपासणीचे कागद पुढें केव्हां अभ्यासास खुले झाले, तर संग्राहकांनीं एकूण टक्क्यांपेक्षां ‘काम’ या बाबीपुढील आंकडा आधीं पाहावा.