निनावी कळफलकाची कुळकथा

पोथीच्या शेवटी पुष्पिका असली म्हणजे अभ्यासकाचे निम्मे काम होते. ती गळालेली असेल तर मात्र अक्षरवळण, कागद आणि शाई यांनाच साक्षीस पाचारण करावे लागते. ग्रंथालयाच्या वाचकांस परिचित असलेली ही पद्धत एका निराळ्याच वस्तूला लागू पडते. ती वस्तू म्हणजे १९७०च्या दशकातील संगणक-टर्मिनलचा कळफलक. टर्मिनल म्हणजे पडदा व कळफलक एवढाच संच. मुख्य संगणक दूर असे आणि तारेने जोडलेला असे. पडद्यापासून विलग होऊन असा कळफलक संग्राहकाच्या हाती येतो, तेव्हा त्यावर बहुधा कोणाचेही नाव नसते.

पहिली साक्ष अंकांच्या ओळीची. उघडा कंस ८च्या कळीवर असेल, तर वळण १९६३च्या टेलिटाइप मॉडेल ३३ या दूरमुद्रकाचे. ‘अस्की’ या संकेतावलीत ८ हा अंक आणि उघडा कंस यांच्या संकेतांत एकाच बिटाचा फरक आहे; तेवढा एक बिट बदलला की ‘शिफ्ट’चे काम भागे आणि विद्युतमंडल स्वस्तात होई. तोच कंस ९वर असेल, तर घराणे टंकलेखन यंत्राचे. आयबीएमचे १९६१चे सिलेक्ट्रिक हे त्याचे ठळक उदाहरण.

काही खुणा तर थेट नावच सांगतात. एच, जे, के, एल या कळींवर बाण कोरलेले दिसले आणि ‘एस्केप’ क्यूच्या डावीकडे असली, की कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथील लिअर सीगलर कंपनीचे १९७६चे एडीएम-३ए आठवावे. बाण तेथेच का? एच हे इंग्रजी वर्णमालेतील ८वे अक्षर, जे १०वे. आणि अस्कीत ८ म्हणजे एक घर मागे, १० म्हणजे एक ओळ खाली. बर्कलेच्या बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा संपादक याच टर्मिनलवर रचला, म्हणून बाणांच्या स्वतंत्र कळी सर्वत्र आल्यावरही त्यात ही चार अक्षरे चालतच राहिली. मला हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

पोथीचा लेखनिक आणि ग्रंथकर्ता जसे वेगळे, तसे येथेही आहे. टर्मिनलवर एका कंपनीचे नाव असले, तरी कळफलक पुष्कळदा इलिनॉयमधील फ्रीपोर्टच्या मायक्रो स्विचचा किंवा वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेनच्या की ट्रॉनिकचा निघतो. प्रत्येक कळीच्या दांड्यात चुंबक आढळल्यास मायक्रो स्विचकडे संशयाची सुई वळावी. हा प्रकार त्यांनी १९६८च्या सुमारास आणला.

कालनिश्चितीसाठी आतील चिपा पाहाव्यात. ७८४२ म्हणजे १९७८चा ४२वा आठवडा. सर्वांत उशिराची तारीख ही काळाची पूर्वमर्यादा. मात्र दुरुस्तीत बदललेली चिप ही मागाहून घातलेल्या क्षेपकासारखी असते, तेव्हा डाखाचे सांधे निरखावेत.

केबलकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. डिजिटल कंपनीच्या १९७८च्या व्हीटी-१००चा कळफलक ध्वनियंत्राच्या पाव इंची पिनेने जोडला जाई; त्या पिनेवरूनही तो ओळखता येतो. साफसफाई करताना प्रथम कापली जाते ती हीच केबल, आणि खालची कागदी चिठ्ठी पाण्याने पुसली जाते.