प्लेगचा पंधरवडा : सप्टेंबर १९९४

स्मरणिकेसाठी 'शाळेच्या काळातल्या एखाद्या घटनेचा इतिहास लिहा' अशी सूचना ग्रुपवर आली, तेव्हा सहल, स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन हे विषय भराभर घेतले गेले. मी नववीतला एक पंधरवडा घेतला. तो आपल्या सगळ्यांना आठवतो, पण त्यावर आपण कधी बोलत नाही.

आपलं नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले आणि महिनाअखेरीला माणसांना ताप आणि गाठी येऊ लागल्या. देशात १९६६ नंतर प्लेगची नोंद नव्हती. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. पडक्या, सोडून दिलेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर माजले, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं. बीड आपल्यापासून लांब होतं, म्हणून आपण बातमी वाचली आणि सोडून दिली.

सुरत मात्र लांब नव्हती. सुरत-भुसावळ मार्गावरचं आपलं स्टेशन आणि अर्ध्या वर्गाचा कोणी ना कोणी काका-मामा सुरतेला लूमवर कामाला. सप्टेंबरच्या सुरुवातीला तापीला पूर आला आणि सखल वस्त्यांत चिखल, घाण साचली. त्यातच गणपती आले. विसर्जनानंतर दोन-तीन दिवसांतच वेड रोड भागातून फुफ्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आणि मृत्यू यांच्या बातम्या आल्या. मग शहर पळू लागलं. काही दिवसांत काही लाख माणसं बाहेर पडली. अनेक खासगी दवाखान्यांना कुलूप लागलं. आपल्या स्टेशनवर गाड्या खच्चून भरून येत होत्या, आणि उतरणाऱ्यांकडे लोक तोंडाला रुमाल लावून लांबून बघत होते.

पितृपक्ष चालू होता. गावात टेट्रासायक्लिन संपली. आमच्या घरी एक पाकीट होतं, ते आईने देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवलं होतं. मी त्यातल्या दोन गोळ्या चोरून खाल्ल्या. रोज रात्री दिवा मालवल्यावर काखेत, जांघेत गाठ लागते का ते चाचपायचे. दुखेपर्यंत दाबायचे, आणि दाबून दुखलं की तीच गाठ वाटायची. दिवसातून चार वेळा थर्मामीटर लावायचे. आजीने लहानपणी ऐकवलेल्या गोष्टी रात्री आठवायच्या : उंदीर पडला की घर सोडून शेतात झोपडी घालून राहायचं, आणि परत आल्यावर कोण कोण उरलं ते मोजायचं.

आजीचं भय उगाच नव्हतं. १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या प्लेगने पुढच्या काही दशकांत देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात घराघरांत शिरून झडत्या झाल्या आणि छावणीत नेतील म्हणून लोक आजारी माणसाला लपवू लागले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलाच्या, म्हणजे डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. हे मला ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

आता आपल्या वर्गाकडे येते. पाचवीपासून माझ्या बाकावर बसणारी आपली मैत्रीण गौरी-गणपतीला वडिलांकडे सुरतेला गेली होती. तिचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत आहे. शुक्रवारी, २३ तारखेला, ती आणि तिची आई रात्रीच्या गाडीने परत आल्या. सोमवारी ती शाळेत आली. दुसऱ्या तासाला ती दोनदा खोकली. मधल्या सुट्टीत ते मी सांगितलं. 'खोकली' याचं सुट्टी संपेपर्यंत 'रक्त पडलं' झालं. तेवढं मी म्हटलं नव्हतं, पण सुरुवात माझीच होती. सुट्टीनंतर मी दप्तर उचलून मागच्या बाकावर गेले. पुढचे, बाजूचे बाकही रिकामे झाले. मंगळवारपासून ती आली नाही.

शनिवारी सकाळच्या शाळेत शास्त्राच्या बाईंनी (नाव लिहू नकोस, असं त्यांनी फोनवर बजावलं आहे) धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर लिहिलं : उंदीर, पिसू, माणूस. प्लेगचा जंतू यर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला, म्हणजे बरोबर शंभर वर्षांपूर्वी. पिसवांमुळे रोग पसरतो हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. गाठीचा प्लेग पिसू चावल्याने होतो. फुफ्फुसाचा मात्र रोग्याच्या खोकल्यातून जवळच्या माणसाला होऊ शकतो, म्हणून भीती खोटी नाही, असं बाई स्पष्ट म्हणाल्या. पण लागण झाली तर लक्षणं साधारण आठवड्याच्या आत दिसतात आणि वेळेवर औषध मिळालं तर माणूस वाचतो. मग त्यांनी फळ्यावर तारखा मांडल्या. तेवीस ते एक. "आठ दिवस झाले. तिला ताप नाही, मी काल बघून आले. सोमवारी तिला शाळेत घेऊन यायला कोण जाईल?"

एकही हात वर झाला नाही. माझाही नाही. सोमवारी बाई स्वतः तिला घेऊन आल्या.

सरकारी हिशेबाने त्या साथीत देशभर साठाच्या आत माणसं दगावली. आखाती देशांनी विमानं थांबवली. हा प्लेगच होता का, यावर पुढे बराच वाद झाला. अखेर तपासण्यांतून प्लेगचेच जंतू निघाले. सुरत सावरली. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी कचरा आणि सांडपाण्याची व्यवस्था लावली आणि ते शहर स्वच्छतेसाठी ओळखलं जाऊ लागलं. नंदुरबारला आपल्या वर्गात कोणालाही काही झालं नाही.

दसऱ्याला मी तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. तिने घेतलं. मी परत तिच्या बाकावर बसू लागले, पण खोकल्याचं मी सांगितलं होतं हे तिला सांगितलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही. वडिलांकडे सुरतेला गेली, एवढंच कळलं. दहावीच्या यादीत तिचं नाव नाही, म्हणून ते आपल्या ग्रुपवरही नाही.

२०२० मध्ये मी पुण्यात घरून काम करत होते आणि दर अर्ध्या तासाने बोटाला ऑक्सिमीटर लावत होते. आमच्या सोसायटीत एका घरावर पत्रा ठोकला गेला, तेव्हा मला तो बाक आठवला. त्या घरासमोर आम्ही दोघींनी रोज सकाळी दूध आणि भाजी ठेवली. भीती तेव्हाही होतीच, चौदाव्या वर्षी होती तेवढीच. भीती वाटण्यात माझी चूक नव्हती. गाठ स्वतःच्या काखेत शोधत होते, तोवर ती माझ्यापुरती होती. ती मी दुसरीच्या अंगावर टाकली, ही चूक.

मेळाव्याला आपल्यातला कोणी सुरतेहून येणार असेल, किंवा कोणाला तिचा पत्ता ठाऊक असेल, तर तिला निरोप द्या. तिची खुर्ची धरून ठेवते आहे, माझ्या शेजारची.