युनिक्स प्रणालीतील विशेषाधिकार व कर्मचारी-खात्यांचे व्यवस्थापन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाविद्यालयातील कर्मचारी सेवानिवृत्त होतो, तेव्हा ग्रंथालय, प्रयोगशाळा व लेखा विभाग यांचे ना-देय प्रमाणपत्र सादर केल्याशिवाय त्यास कार्यमुक्त केले जात नाही. किल्ल्या, शिक्के आणि दप्तर यांचा प्रभार रीतसर सोपविला जातो. पद कायम राहते, व्यक्ती बदलते. आणि कोणत्या कागदावर कोणाची सही आहे, हे अनेक वर्षांनंतरही सांगता येते. कार्यालयीन व्यवहारात रुळलेली ही शिस्त संगणकाच्या क्षेत्रात मात्र फार सावकाश आली. युनिक्स या संगणक प्रणालीचा इतिहास हे त्याचे बोलके उदाहरण होय. 1969 मध्ये जन्मलेल्या या प्रणालीतील अधिकारविषयक कल्पना आजच्या लिनक्स सर्व्हरमध्येही कायम आहेत. म्हणूनच या कल्पना कोणत्या परिस्थितीत निर्माण झाल्या आणि त्यांच्या मर्यादा केव्हा उघड झाल्या, हे तपासणे उपयुक्त ठरते.

उद्दिष्टे :

1. युनिक्समधील सर्वाधिकारी खात्याची संकल्पना स्पष्ट करणे.
2. हे अधिकार विभागण्याच्या प्रयत्नांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
3. संस्था सोडून गेलेल्या व्यक्तीच्या खात्यामुळे निर्माण होणाऱ्या प्रश्नांचा विचार करणे.

प्रस्तुत लेखात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पूर्वपीठिका :

एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा, ही कल्पना अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली प्रत्यक्षात आली. त्यांच्या सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक 1961 मध्ये झाले. यंत्र सामायिक झाले, की 'हे काम कोणाचे?' हा प्रश्न अपरिहार्य ठरतो. त्यातूनच खाते आणि परवलीचा शब्द यांचा वापर सुरू झाला. याच प्रणालीवर 1960 च्या दशकात घडलेला एक प्रसंग उद्बोधक आहे. एक प्रशासक परवलीच्या शब्दांची फाइल दुरुस्त करीत होता, तर दुसरा त्याच वेळी सर्वांसाठीची दैनिक सूचना लिहीत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि प्रणालीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकासमोर सर्वांचे परवलीचे शब्द उमटू लागले. येथे कोणी चोरी केलेली नव्हती. दोन प्रशासकांच्या कामांमध्ये भिंत नव्हती, एवढेच कारण या घटनेस पुरेसे ठरले.

युनिक्सची अधिकाररचना :

केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स घडविली. तिची पहिली नियमपुस्तिका नोव्हेंबर 1971 ची आहे. प्रयोगशाळेचा पेटंट विभाग हा तिच्या पहिल्या कार्यालयीन वापरकर्त्यांपैकी एक होता. ओळखीच्या मोजक्या सहकाऱ्यांमधील विश्वास हा या रचनेचा पाया होता.

युनिक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्यास एक क्रमांक असतो आणि प्रत्येक फाइलीवर तिच्या मालकाचा क्रमांक नोंदलेला असतो. 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या थॉम्पसन-रिची यांच्या निबंधात फाइलीच्या संरक्षणासाठी सात बिटांची योजना वर्णिली आहे. वाचणे, लिहिणे व चालविणे या तीन परवानग्या मालकास व इतरांस स्वतंत्रपणे देण्यासाठी त्यांपैकी सहा बिट होते. 1978 च्या सुधारित निबंधात 'गट' हा तिसरा घटक आला आणि परवानग्यांचे बिट नऊ झाले.

या सर्व नियमांना एकच अपवाद होता. ज्याचा क्रमांक शून्य, त्यास कोणतीही परवानगी लागत नाही. या खात्यास 'रूट' असे नाव मिळाले. प्रणाली नाव पाहत नाही, शून्य हा क्रमांक पाहते. म्हणजेच रूट ही व्यक्ती नसून पद आहे. मात्र त्या पदावर त्या क्षणी कोण बसले आहे, याची विचारणा मूळ रचनेत नाही. या प्रणालीच्या पुढील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आढळते.

अधिकार व्यक्तीस नव्हे, कार्यास :

सातवा बिट हे रिची यांचे महत्त्वाचे योगदान होय. आपला परवलीचा शब्द बदलण्याचा हक्क प्रत्येकास हवा. परंतु तो ज्या फाइलीत नोंदला जातो, ती केवळ रूटलाच लिहिता यावी, हेही आवश्यक होते. 'सेट-युजर-आयडी' या बिटाने हा पेच सुटला. हा बिट लावलेला प्रोग्राम कोणीही चालविला, तरी तो प्रोग्रामच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. अधिकार व्यक्तीच्या हाती न देता विशिष्ट कार्यापुरता देण्याची ही युक्ती होती. तिच्या पेटंटसाठी 1973 मध्ये अर्ज करण्यात आला व जानेवारी 1979 मध्ये ते मंजूर झाले. पुढे ते सार्वजनिक वापरासाठी खुले करण्यात आले.

परवलीच्या शब्दांची कसोटी :

रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास माणसाच्या सवयींवर प्रकाश टाकतो. त्यांनी जमविलेल्या 3,289 परवलीच्या शब्दांपैकी 2,831, म्हणजे सुमारे 86 टक्के शब्द अतिशय लहान तरी होते किंवा शब्दकोश, नावांच्या याद्या यांत सापडणारे होते. परवलीचा शब्द सांकेतिक स्वरूपात साठविताना त्यात 12 बिटांची संख्या मिसळण्याची पद्धत त्यांनी या लेखात मांडली. त्यामुळे एकच शब्द 4,096 निरनिराळ्या रूपांत साठविला जाऊ लागला आणि आधीच तयार केलेल्या यादीशी ताडून पाहणे कठीण झाले.

2 नोव्हेंबर 1988 रोजी इंटरनेटवर सोडण्यात आलेल्या 'वर्म'ने जुन्या सवयी बदलल्या नसल्याचे सिद्ध केले. खात्यांची नावे, त्यांची उलटसुलट रूपे आणि 432 शब्दांची एक यादी वापरून तो परवलीचे शब्द ओळखत असे. त्याचा कर्ता रॉबर्ट टॅपन मॉरिस हा उपरोक्त मॉरिस यांचाच पुत्र होता. सांकेतिक रूपातील शब्द तोवर सर्वांना वाचता येणाऱ्या फाइलीत असत. ते केवळ रूटलाच वाचता येईल अशा वेगळ्या फाइलीत ठेवण्याची 'शॅडो' पद्धत याच सुमारास रूढ होऊ लागली.

सामायिक रूट आणि 'सुडो' :

संगणक विद्यापीठांत व कार्यालयांत पोहोचल्यावर एकाच यंत्राची देखभाल अनेक कर्मचारी करू लागले. सर्वांना रूटचा परवलीचा शब्द सांगणे हा सोपा मार्ग होता. परिणामी एखादी फाइल नष्ट झाल्यास ती 'रूटने' नष्ट केली, एवढेच ज्ञात होई. शिवाय एक कर्मचारी नोकरी सोडून गेला, की शब्द बदलून तो उरलेल्या सर्वांना पुन्हा कळवावा लागे. दहा लिपिकांनी एकच शिक्का वापरावा आणि सही कोणीच करू नये, असा हा प्रकार होता.

न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणकशास्त्र विभागात 1980 च्या सुमारास बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडो' हा प्रोग्राम तयार केला. त्याची सुधारित आवृत्ती डिसेंबर 1985 मध्ये सार्वजनिक झाली व पुढे कोलोरॅडो विद्यापीठात तिचा विकास झाला. कोणत्या व्यक्तीने कोणती आज्ञा रूटच्या अधिकाराने द्यावी, याची यादी या प्रोग्रामजवळ असते. आजच्या सर्वसाधारण मांडणीत कर्मचारी रूटचा नव्हे, तर स्वतःचा परवलीचा शब्द देतो, आणि त्याचे नाव, वेळ व आज्ञा यांची नोंद होते. अधिकार पदाचा, पण सही व्यक्तीची, हे तत्त्व त्यामुळे युनिक्सच्या व्यवहारात आले. 2004 मधील उबुंटूच्या पहिल्या आवृत्तीत तर रूट खात्यात थेट प्रवेशच बंद ठेवून सर्व कारभार सुडोमार्फत करण्यात आला.

गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते :

1986 मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशेबात 75 सेंटचा फरक आढळला. क्लिफर्ड स्टोल यांनी त्याचा छडा लावला, तेव्हा घुसखोर इंग्लंडला गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्याचे खाते वापरीत असल्याचे उघड झाले. व्यक्ती गेली होती; खाते जिवंत होते. रूटचा अधिकार घुसखोराने एका सेट-युजर-आयडी प्रोग्राममधील उणिवेतून मिळविला होता. अखेरीस तपासाचा माग जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोहोचला.

अशी खाती सरळ पुसून टाकावीत, असे वाटणे साहजिक आहे. परंतु फाइलींवर नाव नसून क्रमांक असतो. तोच क्रमांक नव्या कर्मचाऱ्यास दिल्यास जुन्या कर्मचाऱ्याच्या फाइली आपोआप त्याच्या मालकीच्या होतात. म्हणून खाते कुलूपबंद करणे, फाइलींचा प्रभार सोपविणे आणि क्रमांक पुन्हा न वापरणे ही रीत श्रेयस्कर मानली जाते. 1995 मध्ये आलेल्या एसएसएच या साधनाने आणखी एक प्रश्न निर्माण केला. त्यातील 'किल्ली' परवलीच्या शब्दावर अवलंबून नसते. त्यामुळे शब्द रद्द झाला, तरी किल्लीने दार उघडू शकते. ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामेही मालकाच्या गैरहजेरीत चालू राहू शकतात.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, मोजक्या सहकाऱ्यांच्या परस्परविश्वासावर उभी राहिलेली रचना मोठ्या संस्थांनी जशीच्या तशी स्वीकारली, आणि उत्तरदायित्वाची जोड तिला नंतर द्यावी लागली. 1999 च्या लिनक्स 2.2 मध्ये रूटचे अधिकार लहान घटकांत विभागण्यास प्रारंभ झाला. 2000 मधील सोलारिस 8 मध्ये 'भूमिका' ही संकल्पना आली. तथापि कोणतेही साधन निर्दोष नाही. सुडोमध्ये 2011 पासून दडून राहिलेला एक दोष जानेवारी 2021 मध्ये उघड झाला. त्याचा फायदा घेऊन यंत्रावरील सामान्य वापरकर्ताही रूट होऊ शकत होता. अधिकार कार्यापुरता मर्यादित केला, तरी ते कार्य करणाऱ्या साधनाची तपासणी चुकत नाही.

साधने बदलत राहतील. परंतु कर्मचारी रुजू होताना त्याला कोणता अधिकार दिला, का दिला आणि तो कार्यमुक्त होताना कोणी काढून घेतला, याची नोंद ठेवणे हे प्रशासनाचेच काम आहे. ना-देय प्रमाणपत्रावर ग्रंथालयाच्या सहीबरोबर संगणक विभागाचीही सही असावी, हा या इतिहासाचा साधा पण दुर्लक्षित बोध होय.