कल्याणचा रंग, नाशिकच्या काड्या

बदलापूरहून लोकल पकडली की अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी करत अर्ध्या तासात कल्याण येते. मूकपटाच्या काळातली हलती रंगीत चित्रे शोधताना मी मुंबई-पुण्याच्या खेपा घातल्या. पहिला धागा मात्र या रोजच्या वाटेवरच होता.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ सुरू केले. शांबरिक म्हणजे मायावी, खरोलिका म्हणजे दिवा. काचेवर हाताने रंगवलेली पौराणिक चित्रे उजेडाने पडद्यावर पडत, जोडीला निवेदन आणि संगीत असे. चित्रामागून चित्र बदलून हालचालीचा भास घडवला जाई. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये एमिल रेनोने हाताने रंगवलेल्या चित्रपट्ट्या पडद्यावर खेळवल्या. त्याच्या एका चित्रपट्टीत सुमारे ५०० चित्रे होती.

पुढे १९१५ साली दादासाहेब फाळक्यांची ‘आगकाड्यांची मौज’ आली. महायुद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई होती, तेव्हाचा हा लघुपट. काडी जराशी सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. काड्या जिवंत झाल्या, पण कृष्णधवल.

मग कल्याणचा रंग गेला कुठे? उत्तर साध्या हिशेबात आहे. रंगवलेली काच पडद्यावर हवी तेवढा वेळ ठेवता येते आणि शेकडो खेळांना पुरते. फिल्मच्या सेकंदाला १६ चौकटी धरल्या, तरी मिनिटाला ९६० होतात, आणि प्रत्येक प्रतीसाठी त्या नव्याने रंगवायच्या! म्हणून मूकपटांत बहुधा अख्खा प्रसंगच एका रंगात बुडवून काढत. रात्र निळी, आग तांबडी. फाळक्यांनी काड्याच का घेतल्या, तेही मला यातच दिसते. काडी काढावी लागत नाही, रंगवावी लागत नाही. सरकवली की झाले.

‘आगकाड्यांची मौज’ची प्रत आज उपलब्ध नाही. काच मात्र टिकते, माणसांनी टिकू दिली तर. काही वर्षांपूर्वी कुळगावातले एक जुने घर पाडताना काचांची पेटी निघाल्याचे कळले. मी पोहोचेपर्यंत ती राडारोड्यासोबत गेली होती. आत चित्रे होती की खिडकीची तावदाने, हे पाहण्याची संधीही गेली.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर रंगीत काच सापडलीच, तर टाकण्याआधी एकदा उजेडासमोर धरून पाहा.