शेवटचा प्रोग्राम

मागच्या शुक्रवारची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीनंतर आमची डिझायनर लॅपटॉप उघडाच हातात धरून माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, पाच मिनिटं आहेत? पिग्मीचं ॲप झालं."

झालं म्हणजे? सोमवारी तर आम्ही त्याबद्दल पहिल्यांदा बोललो होतो! पण खरंच स्क्रीनवर ॲप होतं. लॉगिन, ग्राहकांची यादी, आज किती जमा झाले त्याचा आकडा, हिरवं बटण, पावती. बटण दाबलं की आकडा वाढत होता. एका एआय टूलला तिने साध्या इंग्रजीत चार परिच्छेद लिहून दिले, दोन-तीनदा "हे इकडे घे, ते मोठं कर" असं सांगितलं, आणि डबा खाऊन होईपर्यंत हे तयार. मागून आमचे मॅनेजर डोकावले आणि त्यांनी ते वाक्य उच्चारलं, जे मी गेली पंचवीस वर्षं वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलोय: "झालंच की मग! आता फक्त लाइव्ह करायचं."

या वाक्याचा इतिहास लिहावा असं तेव्हाच डोक्यात आलं. आणि त्यातला एक मोठा तुकडा आपल्या पुण्यातच, हडपसरला घडलाय, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. म्हणून आजचा लेख.

आधी सुरुवातीपासून. कोड लिहिणाऱ्या माणसाची गरज संपणार ही बातमी दर दहा-बारा वर्षांनी नव्याने येते. १९५६ साली आयबीएमने फोरट्रानची पुस्तिका काढली तेव्हा तिच्या नावात 'ऑटोमॅटिक कोडिंग सिस्टिम' असे शब्द होते. म्हणजे त्या काळच्या लोकांच्या लेखी फोरट्रान लिहिणं हे कोडिंग नव्हतंच. माणसाने सूत्र लिहायचं, कोडिंग मशीन करणार. आज कुणी फोरट्रान लिहिताना दिसला तर आपण त्याला प्रोग्रामरच म्हणू, तोही जरा जुन्या वळणाचा :-)

मग कोबोल आलं. ते कारकुनालाही वाचता येईल अशी अपेक्षा होती. (मी कोबोल वाचलंय. कारकुनाबद्दल मला सहानुभूती आहे.)

आणि मग १९८१. इंग्लंडमध्ये एक प्रोग्राम विकायला आला, त्याचं नावच 'द लास्ट वन'. शेवटचा! तो तुम्हाला मेन्यूतून प्रश्न विचारणार, तुम्ही उत्तरं देणार, आणि तो बेसिक भाषेतला प्रोग्राम लिहून देणार. यानंतर कुणाला प्रोग्राम लिहावाच लागणार नाही, म्हणून हा शेवटचा. मजा म्हणजे तो बनवणाऱ्या कंपनीच्या नावात तेव्हाही 'एआय' ही अक्षरं होती. पुढे काय झालं ते तुम्ही आम्ही रोज सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून बघतोच.

त्याच १९८१ साली पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर सुरू झालं. टीआरडीडीसी. हडपसर इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. टीसीएसच्या फकीरचंद कोहलींची ही कल्पना. पहिले संचालक ई. सी. सुब्बाराव हे आयआयटी कानपूरचे, आणि त्यांचा विषय सॉफ्टवेअर नव्हे तर पदार्थविज्ञान, म्हणजे सिरॅमिक्स वगैरे. त्यामुळे एकाच छपराखाली एकीकडे भट्ट्या, खनिजं आणि कारखान्यातल्या प्रक्रियांवर काम चाले आणि दुसरीकडे सॉफ्टवेअरवर. भाताच्या तुसाची राख वापरून पाणी गाळायच्या फिल्टरवर इथेच काम झालं. २००९ च्या डिसेंबरात बाजारात आलेला 'टाटा स्वच्छ' तुम्हाला आठवत असेल. एकूण काय, तर कारखाना कसा चालतो हे कळणाऱ्यांच्या शेजारी बसून सॉफ्टवेअरचा विचार करणारी ही मंडळी. आणि तेव्हा आपला धंदा तरी काय होता? परदेशातल्या कंपनीचा कोड घ्यायचा, बदलून द्यायचा. टीसीएसचं १९७४ मधलं एक गाजलेलं काम म्हणजे बरोज कंपनीच्या एका मशीनवरची हॉस्पिटलची सिस्टिम बरोजच्याच दुसऱ्या मशीनवर नेणं. तेही ते मशीन हाताशी नसताना, मुंबईत आयसीएलच्या कॉम्प्युटरवर! अशा कामात माणूस फार लवकर एका प्रश्नाशी येऊन थांबतो: हे हाताने का करायचं?

टीआरडीडीसीत काम केलेल्या लोकांत केशव नोरी हे एक नाव. पास्कल भाषेचा 'पी-कंपायलर' झ्युरिकला तयार झाला, त्यावर १९७० च्या दशकात ज्यांची नावं आहेत त्यांतले ते एक. त्या कंपायलरची युक्ती साधी होती. प्रत्येक मशीनसाठी वेगळा कंपायलर लिहिण्याऐवजी एक काल्पनिक मशीन कल्पायचं, त्याच्यासाठी कोड काढायचा, आणि मग ज्याच्याकडे जे खरं मशीन असेल त्याने त्यावर त्या काल्पनिक मशीनची नक्कल तेवढी लिहायची. जावाचं व्हर्च्युअल मशीन शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

हाच विचार एक मजला वर नेला की काय होतं? १९९० च्या दशकात टीआरडीडीसीत यावर काम झालं आणि त्यातून 'मास्टरक्राफ्ट' नावाचं साधन तयार झालं. विनय कुलकर्णी, श्रीधर रेड्डी, आर. वेंकटेश या मंडळींनी त्याबद्दल शोधनिबंध लिहिलेत, शनिवारी दुपारी वाचायला छान आहेत. कल्पना अशी: बँकेची किंवा विम्याची मोठी सिस्टिम घ्या. तिचे तीन थर असतात, स्क्रीन, मधला व्यवहाराचा भाग आणि खाली डेटाबेस. प्रत्येक थराचे तज्ज्ञ वेगळे, भाषा वेगळी. स्क्रीनवाल्याने खाते क्रमांक दहा अंकी धरला आणि डेटाबेसवाल्याने बाराचा, की झाला घोटाळा. तर कोड लिहायचाच नाही. मॉडेल काढायचं. ग्राहक म्हणजे काय, खातं म्हणजे काय, कुठल्या स्क्रीनवर काय दिसतं, कुठली माहिती कुठल्या टेबलात जाते, हे सगळं एकमेकांशी जोडलेल्या आकृत्यांत मांडायचं. टूल ते तपासणार, विसंगती असेल तर अडवणार, आणि मग तिन्ही थरांचा कोड काढून देणार. क्लायंट-सर्व्हरचा जमाना जाऊन वेबचा आला, सी प्लस प्लस जाऊन जावा आलं, तर मॉडेल तेच ठेवून कोड नवा काढायचा.

ही नुसती प्रयोगशाळेतली गंमत नव्हती. टीसीएसने मोठमोठ्या सिस्टिम यातून बांधल्या. मॉडेलवरून मॉडेल कसं काढायचं यासाठी ओएमजी या संस्थेने 'क्यूव्हीटी' नावाचं आंतरराष्ट्रीय मानक केलं (पहिली आवृत्ती २००८), त्याच्या घडणीतही टीसीएस होती.

पण अडचण कुठे आली, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक प्रोजेक्टला टूलकडून थोडं वेगळं काही हवं असायचं. याला स्क्रीनची रचना वेगळी, त्याला चुका नोंदवायची पद्धत वेगळी. म्हणजे दर प्रोजेक्टला कोड काढणारं यंत्रच थोडं बदलायचं. करता करता कोडऐवजी कोड-जनरेटरांचंच खटलं वाढलं, आणि त्या जनरेटरांचं एक कुटुंब मानून ते सुट्या भागांतून कसं जुळवायचं यावर या मंडळींना पुढे संशोधन करावं लागलं. हातकाम हटवलं की ते दुसऱ्या खोलीत जाऊन बसतं, तसं काहीसं. शिवाय डेडलाइनच्या आदल्या रात्री मॉडेल कोण बदलतंय? लोक थेट निघालेल्या कोडमध्येच हात घालतात. असल्या टूलवर काम केलेल्या कुणालाही विचारा.

मी स्वतः या भानगडीत पडलो तो दुसऱ्या टोकाने. साल १९९९, माझी पहिली नोकरी (कंपनीचं नाव राहू दे). आमच्या साहेबांनी क्लायंटला दाखवायला व्हिज्युअल बेसिकमध्ये एक डेमो करायला सांगितला. मी दोन दिवसांत केला. स्क्रीन झकास, कॉम्बो बॉक्स, ग्रिड, सगळं. ग्रिडमागे डेटाबेस नव्हताच, मी पंधरा नावं कोडमध्येच टाइप केली होती. त्यात माझ्या दोन मावश्याही होत्या. क्लायंट खूश. म्हणाला, नव्वद टक्के झालंय, महिन्याभरात द्या. पुढचे नऊ महिने आम्ही सहा जण ते 'उरलेले दहा टक्के' करत होतो, आणि माझ्या मावश्या शेवटपर्यंत एका टेस्ट रिपोर्टात राहिल्या ते राहिल्याच.

फ्रेड ब्रुक्सने १९७५ च्या पुस्तकात सांगितलंच होतं की पहिली सिस्टिम फेकायचीच आहे असं धरून चाला. वीस वर्षांनी, १९९५ च्या आवृत्तीत, त्यानेच हा सल्ला मागे घेतला; टप्प्याटप्प्याने वाढवत न्या म्हणाला. माझा अनुभव विचाराल तर फेकण्याची हिंमत कुणात नसते, कारण चांगला दिसणारा प्रोटोटाइप फेकवत नाही. गाडीवाल्यांचं बरं असतं. पिंपरीत टाटा मोटर्सचं संशोधन केंद्र १९६६ पासून आहे, तिथल्या कुणाला विचारा. गाडीचा आकार ठरवायला मातीचं मॉडेल करतात, रंगवलं की हुबेहूब गाडी. पण ते बघून कुणी म्हणत नाही, "झालंच की, आता फक्त पेट्रोल भरा." सॉफ्टवेअरची माती आणि सॉफ्टवेअरचा पत्रा दिसायला एकच, ही सगळी गोम आहे.

आता आजची टूल्स. २०१७ मध्ये 'पिक्स टू कोड' नावाचा प्रयोग आला, स्क्रीनचं चित्र दिलं की कोड. २०२३ च्या मार्चमध्ये जीपीटी-४ दाखवताना वहीत हाताने खरडलेल्या आकृतीवरून चालती वेबसाइट करून दाखवली. मग व्ही-झिरो, बोल्ट, लव्हेबल, फिग्मा मेक अशी रांगच लागली. २०२५ च्या फेब्रुवारीत आंद्रे कारपाथीने 'व्हाइब कोडिंग' हा शब्द काढला आणि वर्षअखेर तो शब्दकोशवाल्यांचा वर्षाचा शब्द झाला.

मी यांच्या विरोधात नाही. रोज वापरतो. डिझायनरला आपल्या मनातली गोष्ट दुसऱ्या कुणाची वाट न बघता हलती-चालती करता येते, हे फार मोठं आहे. १९९९ मध्ये हे असतं तर माझे दोन दिवस वाचले असते (नऊ महिने नसते वाचले). पण हडपसरच्या टूलमध्ये आणि यांच्यात एक फरक आहे. मास्टरक्राफ्टला तुम्ही एखादी गोष्ट सांगितली नाहीत तर ती जागा रिकामी राहायची, नाहीतर टूल अडून बसायचं. तेच मॉडेल दिलं तर तोच कोड. आजच्या टूलला सांगितलं नाही तर ते स्वतःच ठरवतं आणि पुढे जातं. आणि काय ठरवलं ते विचारल्याशिवाय सहसा सांगत नाही.

शुक्रवारी नेमकं हेच झालं. पिग्मी म्हणजे काय हे तरुण मंडळींना थोडक्यात सांगतो. पतसंस्थेचा एजंट रोज दुकानादुकानांतून फिरून दहा-वीस-पन्नास रुपये गोळा करतो. ही पद्धत १९२८ साली सिंडिकेट बँकेने दक्षिण कन्नड भागात रोज दोन आण्यांपासून सुरू केली. भाजीवाले, टपरीवाले, शिवणकाम करणाऱ्या बायका, यांची पोरांच्या फीची, लग्नाची सोय यात असते. मी डिझायनरला विचारलं, "रविवार पेठेतल्या तळघरातल्या दुकानात रेंज नाही. एजंटने हिरवं बटण दाबलं, काही झालं नाही, त्याने पुन्हा दाबलं. मग?" ती म्हणाली, "बघते." आम्ही दोघांनी कोड उघडला. टूलने ठरवून टाकलं होतं: नेट आलं की दोन्ही नोंदी जमा. पन्नासचे शंभर! एजंटच्या हातात पन्नास, खात्यावर शंभर, आणि संध्याकाळी हिशेब जुळत नाही म्हणून तो बिचारा खिशातून भरणार.

कोड वाचणं हे आता लिहिण्यापेक्षा मोठं काम होणार, असं मला वाटतं. टीआरडीडीसीतच कोड तपासणाऱ्या टूलवरही कित्येक वर्षं काम चालू आहे; त्यांचं 'व्हेरीॲब्स' २०२० च्या एसव्ही-कॉम्प या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिलं आलं. पण "पन्नासचे शंभर होऊ नयेत" हे त्या टूललाही आधी कुणीतरी सांगावं लागतं.

मॅनेजरसाहेबांना आम्ही एक आठवडा मागितला. त्यांनी चार दिवस दिले.

काल सकाळी आम्ही दोघं एका एजंटकाकांबरोबर बोहरी आळीपासून पायी फिरलो. बासष्ट वर्षांचे, आमच्यापेक्षा भरभर चालतात. डिझायनरने विचारलं, "काका, नोंद दोनदा झाली तर?" त्यांनी खिशातून डायरी काढली, मग समोरच्या दुकानदाराकडून त्याचं कार्ड मागून घेतलं. एकच रक्कम, दोन ठिकाणी, तारखेसमोर, शेजारी दुकानदाराची सही. "एका तारखेला एकच रकाना आहे ना गं. दुसऱ्यांदा लिहिणार कुठे?"

तिने त्या कार्डाच्या रकान्यांचा फोटो काढला (नावावर बोट ठेवून), आणि चहा पिताना बिलाच्या पाठीमागे पेनाने नवी स्क्रीन काढायला घेतली. हिरवं बटण गेलंय. आता कॅलेंडर आहे.

पुढच्या शनिवारी जमलं तर फॉक्सप्रोबद्दल लिहीन. पुण्यातली अर्धी दुकानं एके काळी त्यावर चालायची, आणि काही अजूनही चालतात म्हणे.