फ्रेंच गेले, कायदा राहिला

७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फू येथे फ्रेंचांचा पाडाव झाला. जिनिव्हा करारानंतर दक्षिण व्हिएतनामात अमेरिकेच्या पाठबळाने न्गो दिन्ह दिएम यांची राजवट आली. तथापि फ्रेंच वर्चस्वाखाली १९५० साली निघालेला दहावा वटहुकूम तसाच राहिला. त्यान्वये कॅथलिक चर्चला सूट होती. बौद्ध संघ मात्र केवळ एक मंडळ ठरत होता. मे १९६३ मध्ये ह्यू येथे बुद्धजयंतीस धम्मध्वज लावण्यास मनाई झाली व निदर्शकांचे बळी गेले. तेव्हा भिक्खूंनी कॅथलिकांइतकेच अधिकार मागितले. ११ जून रोजी सायगावात भिक्खू थिच क्वांग डुक यांनी आत्मदहन केले. नोव्हेंबरात सेनानींनी, अमेरिकेच्या संमतीने, दिएम यांना पदच्युत केले. परकीयांचे निशाण उतरले तरी त्यांनी रुजविलेली विषमता कायद्यात जिवंत राहते, हाच बोध आम्ही या इतिहासातून घेतो.