स्टार्ट बटणाचे सानुकूलन

संगणकाच्या टास्कबारवरील स्टार्ट बटणाचे चित्र किंवा मजकूर, प्रणालीच्या मूळ फायलींना हात न लावता, आपल्या पसंतीने बदलण्याची पद्धत.

पार्श्वभूमी : हे बटण 24 ऑगस्ट 1995 रोजी विंडोज 95 बरोबर आले. विंडोज एक्सपीत (2001) त्यावरचा शब्द आणि विंडोज 7 मध्ये (2009) त्याचे गोल चित्र ‘एक्सप्लोरर’ या प्रणाली-फायलीतच असे. हौशी मंडळी रिसोर्स हॅकरसारख्या साधनाने ती फाइलच बदलत. तसे केल्यास फायलीची डिजिटल सही निकामी होते, एखादे अपडेट किंवा ‘एसएफसी’ ही दुरुस्तीची आज्ञा बदल पुसून टाकते. फाइल बिघडलीच, तर टास्कबार आणि डेस्कटॉप दोन्ही दिसेनासे होतात.

सुरक्षित पद्धत : इव्हो बेल्चेव यांनी 2009 मध्ये आणलेल्या ‘क्लासिक शेल’ या साधनाचे काम 2017 मध्ये थांबले, आता ‘ओपन-शेल’ या नावाने ते स्वयंसेवक पुढे चालवतात. हे साधन चालू असलेल्या एक्सप्लोररच्या स्मृतीत काम करते, डिस्कवरची फाइल जशीच्या तशी राहते. सेटिंग्जमध्ये ‘रिप्लेस स्टार्ट बटण’वर खूण करून ‘कस्टम’ निवडायचे आणि चित्र द्यायचे. चित्र पारदर्शक पार्श्वभूमीचे पीएनजी असावे. त्यात बटणाची तीन रूपे एकाखाली एक हवीत : नेहमीचे, माउस वर आल्यावरचे आणि दाबल्यावरचे. विंडोज 7 च्या गोल बटणासाठी या चित्राचे माप 54 × 162 पिक्सेल असे.

लिनक्सच्या एक्सएफसीई डेस्कटॉपवर वेगळ्या साधनाची गरज नाही. पॅनेलवर व्हिस्कर मेनू असल्यास त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये चिन्ह बदलता येते आणि शीर्षकाच्या जागी ‘सुरू’ असे थेट देवनागरीत टाइप करता येते.

सीमाभागातील उपयोग : निपाणी–बेळगाव पट्टा 1956 च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला. येथे मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. वरील दोन्ही पद्धतींत सेटिंग्ज प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात स्वतंत्र राहतात. त्यामुळे दुकानातल्या किंवा घरातल्या एकाच संगणकावर एकाला मराठी, तर दुसऱ्याला कन्नड अक्षराचे बटण ठेवता येते. कोणालाही दुसऱ्याची लिपी पुसावी लागत नाही.

दक्षता : साधन त्याच्या अधिकृत प्रकल्पस्थळावरूनच घ्यावे आणि बदलापूर्वी सेटिंग्जची प्रत एक्सएमएल फायलीत जपून ठेवावी. ओपन-शेल काढून टाकले की मूळ बटण परत येते.